दातवण, घासणे आणि विजेचा ब्रश

दात स्वच्छ करण्याच्या क्रियेस मराठीत एकच एक क्रियापद नाही. दातवण चावतात, राखुंडीने दात घासतात, मशेरी लावतात आणि ब्रश ‘करतात’. एका नित्याच्या प्रातःकर्मास इतकी क्रियापदे का लागावीत, या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात शोधून सापडणार नाही. ते उपकरणांच्या इतिहासात सापडते. प्रत्येक साधनाने हाताला वेगळी हालचाल शिकविली आणि ती हालचाल क्रियापदात नोंदली गेली. विजेचा ब्रश हे या मालिकेतील शेवटचे साधन होय. त्याच्या रचनेचा विचार करताना असे दिसते की, या साधनाने हाताचे काम बदलले, परंतु भाषेतील क्रियापद मात्र जुनेच राहिले. या विसंगतीचे परिणाम केवळ शाब्दिक नाहीत. ते हिरड्यांपर्यंत पोहोचतात.

या मालिकेतील सर्व टप्पे एकाच टापूत पाहावयाचे झाल्यास रायगड जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, पेण-रोहा हा भाग सोयीचा आहे. पेणलगतच्या रामवाडीस एका बाजूस मुंबई-गोवा महामार्ग आणि राज्य परिवहनाच्या रायगड विभागाचे कार्यालय आहे. थोडे आत वळले की डोंगरउतारावरील कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. दातवणाचे झाड, मशेरीचा तवा आणि दुकानात टांगलेला ब्रश यांत येथे फार अंतर नाही.

‘दातवण’ हा शब्द प्राकृतातील ‘दंतवण’ या रूपामार्गे संस्कृत ‘दंतपवन’ या शब्दाशी जोडला जातो. ‘पवन’ या पदातील ‘पू’ धातूचा अर्थ शुद्ध करणे असा आहे. याच क्रियेसाठी संस्कृतात ‘दंतधावन’ असाही शब्द आहे. धातुपाठात ‘धाव्’ या धातूस गती आणि शुद्धी असे दोन अर्थ दिलेले आहेत, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मराठीने ‘धावणे’ या क्रियापदात गतीचा अर्थ राखला. शुद्धीचा अर्थ ‘दंतधावन’ यासारख्या तत्सम शब्दांत उरला. गती आणि शुद्धी यांचा हा संबंध पुढे यंत्राने पुन्हा जुळविला.

चरकसंहितेत दंतपवन दिवसातून दोन वेळा करावे आणि त्याचे टोक चेचलेले असावे, असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत दंतकाष्ठाची लांबी बारा अंगुळे व जाडी करंगळीएवढी सांगून रसांनुसार झाडे दिली आहेत : कडूंमध्ये निंब, तुरटांमध्ये खैर, गोडांमध्ये मोह आणि तिखटांमध्ये करंज. सातव्या शतकात भारतात येऊन नालंदा येथे राहिलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग यानेही भिक्षूंच्या दंतकाष्ठाचे माप बारा अंगुळेच दिले आहे. पेण-रोहा भागात खाडीकाठी करंज आणि रानात खैर व मोह ही झाडे ओळखीची आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरूनच ‘कातकरी’ हे नाव पडले. सुश्रुताने तुरट रसात श्रेष्ठ मानलेले झाड या टापूत एका संपूर्ण समाजाच्या नावात टिकून राहिले आहे.

यांत्रिक दृष्टीने पाहिल्यास दातवण हे साधन वापरणाराच रोज नव्याने घडवितो. चावल्यामुळे लाकडाचे तंतू सुटे होतात, लाळेने मऊ पडतात आणि टोकाशी लहानसा झुबका तयार होतो. या झुबक्यास सुश्रुताने ‘कूर्चक’ म्हटले आहे. मराठीतील ‘कुंचला’ हा शब्द याच कुळातील. कूर्चकाच्या वापराविषयी सुश्रुताने घातलेल्या अटी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. दात एकेक करून स्वच्छ करावा, कूर्चक मृदू असावा आणि हिरड्यांस इजा होऊ देऊ नये, अशा त्या तीन अटी होत. त्या ठिकाणी क्रियापद ‘घर्ष्’ हेच आहे. म्हणजे घासण्याची आज्ञा आहे, परंतु ती मोकळी नाही. तिला तीन बाजूंनी बांध घातलेला आहे.

मराठी ‘घासणे’ हे संस्कृत ‘घृष्’ धातूच्याच परिवारातील होय. मात्र लोकव्यवहारात येताना हे बांध गळून पडले. ‘घासणे’ या क्रियापदाचे सर्वात ठळक कर्म मराठीत ‘भांडी’ हे आहे. भांडी ज्या चुलीतील राखेने घासत, त्याच राखेशी ‘राखुंडी’ हा शब्द संबद्ध आहे. साहित्य एक, क्रियापद एक. तेव्हा हाताचा जोरही एकच व्हावा, यात नवल नाही. काळवंडलेल्या पातेल्यास शोभणारी रगड दातांच्या मुळाशी पोहोचली, की दातावरचे कवच झिजते आणि हिरडी मागे सरते.

‘मशेरी लावणे’ हा प्रयोग याच्या अगदी उलट आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, तिची पूड करावयाची आणि ती बोटाने दात-हिरड्यांवर लावावयाची, अशी ही पद्धत. ‘लावणे’ हे क्रियापद मराठीत कुंकू, तेल, मलम अशा सौम्य व हितकर द्रव्यांबरोबर येते. त्यामुळे मशेरीलाही ओषधाची छटा प्राप्त झाली. वस्तुतः ती धूरविरहित तंबाखूच होय. तिच्यामुळे निकोटिनचे व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. महाराष्ट्रात, विशेषतः खेड्यांतील स्त्रियांत, ती दीर्घकाळ प्रचलित राहिली, यास तिच्या क्रियापदाचा निरुपद्रवीपणाही काही अंशी साह्यभूत झाला असावा. एक क्रियापद गरजेपेक्षा कठोर ठरले आणि दुसरे गरजेपेक्षा कोमल, दोन्हींनी फसविले.

ब्रशाचा इतिहास पश्चिमेकडून येतो. इंग्लंडमध्ये १७८० च्या सुमारास विल्यम ॲडिस याने हाडाच्या दांडीस भोके पाडून त्यांत जनावरांचे राठ केस बसविले आणि अशा ब्रशांचे उत्पादन सुरू केले. पुढे हे केस बहुधा डुकराचे असत. त्यामुळे भारतातील अनेक घरांत अशी वस्तू तोंडात घालणे धर्मदृष्ट्या अवघड होते. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने तयार केलेल्या नायलॉनच्या तंतूंचा ब्रश १९३८ मध्ये बाजारात आला आणि ही अडचण नाहीशी झाली. दातवणाचा कूर्चक रोज नवा होई. नायलॉनचा झुबका महिनोन्‌महिने टिकू लागला. मराठीने मात्र या वस्तूस ‘कुंचला’ म्हटले नाही. कुंचला रंगाऱ्याचा व चित्रकाराचा राहिला, दातांसाठी ‘ब्रश’ आला आणि त्याबरोबर ‘ब्रश करणे’ हे संयुक्त क्रियापद आले. ‘करणे’ हे अर्थाने रिकामे क्रियापद आहे. काय करावयाचे, ते नाम सांगते. हा रिकामेपणा पुढे उपयोगी पडणारा होता.

विजेच्या ब्रशाकडे वळताना विजेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. जुन्या कुलाबा जिल्ह्यात वीजनिर्मिती फार लवकर सुरू झाली. टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोली येथे १९१५ मध्ये, भिवपुरी येथे १९२२ मध्ये आणि भिरा येथे १९२७ मध्ये कार्यान्वित झाली. मुळशीच्या तलावाचे पाणी भिऱ्याच्या यंत्रांतून उतरून कुंडलिकेस मिळते आणि रोह्यावरून समुद्राकडे जाते. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. ज्या खेड्यांजवळून तारा गेल्या, त्यांतील घरांत दिवा येण्यास बराच काळ जावा लागला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतरच या कामास खरी गती आली. तात्पर्य, भिंतीतील विजेवर चालणारे घरगुती साधन हे दीर्घकाळ शहरी साधन राहणे अपरिहार्य होते.

विजेचा पहिला यशस्वी ब्रश नेमका असाच होता. स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी १९५४ मध्ये ‘ब्रॉक्सोडेंट’ हा ब्रश सिद्ध केला. १९६० च्या सुमारास तो अमेरिकेत विक्रीस आला. तो तारेने थेट घरातील विजेस जोडावा लागे. ज्यांच्या हातांस पुरेशी हालचाल करता येत नाही असे रुग्ण, आणि ज्यांच्या दातांस तारा बसविलेल्या आहेत असे लोक, यांचा विचार त्यामागे प्रामुख्याने होता. हा हेतू महत्त्वाचा आहे. हाताचे बळ वाढविण्यासाठी हे यंत्र जन्मास आले नाही. हाताची हालचाल हातापासून वेगळी काढण्यासाठी आले. साधारण याच सुमारास अमेरिकेतील डॉक्टर चार्ल्स बास यांनी हातब्रशाची जी पद्धत सांगितली, तीतही जोराच्या रगडीस स्थान नव्हते. ब्रशाचे केस हिरडीच्या कडेशी पंचेचाळीस अंशांत टेकवून अगदी आखूड कंपने द्यावीत, असे तिचे स्वरूप होते. दातावर साचणारा जिवाणूंचा थर चिकट असला तरी मऊ असतो. तो विस्कटावयास जोरापेक्षा नेमकेपणा लागतो.

ओल्या हातांत, पाण्याच्या नळाजवळ, भिंतीतील वीज आणणे धोक्याचे होते. १९६१ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पुन्हा भारित होणारी बॅटरी असलेला बिनतारी ब्रश आणला. त्यानंतर भारणाची पद्धतही बदलली. बैठकीत एक वेटोळे आणि मुठीत दुसरे वेटोळे असते. पहिल्यातून प्रत्यावर्ती प्रवाह गेला की त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे दुसऱ्यात प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. धातूचा कोणताही भाग उघडा ठेवावा लागत नाही, म्हणून मूठ पूर्णपणे बंद करता येते.

यापुढील भेद गतीचे आहेत. पहिल्या प्रकारात मुठीत लहानशी मोटार असते. तिचा दांडा एकाच दिशेने गरगर फिरतो. परंतु दातावर सतत एकाच दिशेने फिरणारे डोके उपयोगाचे नाही, ते हिरडी ओढील. म्हणून दंतचक्रे व भुजा यांच्या साह्याने गोल गतीचे ये-जा गतीत रूपांतर करतात. शिवणयंत्रात चाकाच्या फिरण्यातून सुईचे वरखाली होणे ज्या तत्त्वाने साधते, तेच तत्त्व येथे आहे. ब्राऊन कंपनीने १९९१ मध्ये आणलेल्या ब्रशाचे लहान गोल डोके याप्रमाणे थोडे उजवीकडे व थोडे डावीकडे वळत असे. याच घराण्यातील पुढील ब्रशांत मिनिटास ८,८०० आंदोलने आणि त्यांखेरीज दाताच्या दिशेने पुढेमागे होणारी ४०,००० स्पंदने आली.

दुसऱ्या प्रकारात फिरणारी मोटारच नसते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधनातून निघालेला आणि १९९२ मध्ये बाजारात आलेला ‘सोनिकेअर’ हा त्याचा नमुना. येथे वेटोळ्यातील प्रवाहाची दिशा उलटसुलट होते आणि ब्रशाच्या बुडाशी असलेला चुंबक आळीपाळीने दोन्ही बाजूंस ओढला जातो. ही उलटापालट ब्रशाच्या स्वाभाविक कंपनसंख्येशी जुळविलेली असते. पडवीतील झोपाळ्यास त्याच्या लयीत हलका रेटा देत राहिले की तो मोठे झोके घेतो. अनुनादाचे हेच तत्त्व येथे थोड्या विजेत मोठी गती देते. मिनिटास सुमारे ३१,००० फटके म्हणजे सेकंदास सुमारे २६० आवर्तने. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातील पांढरी एक ही पट्टी याच्या अगदी जवळ आहे. म्हणूनच हा ब्रश गुणगुणतो. या वेगामुळे तोंडातील पाणी व लाळ घुसळली जातात, ही या रचनेची आणखी एक बाजू होय.

या यंत्रांचा लाभ किती, याचे मोजमाप झालेले आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१४ मधील समालोचनात ५६ चाचण्यांचा विचार करण्यात आला. हातब्रशाच्या तुलनेत विजेच्या ब्रशाने दातांवरील थर एक ते तीन महिन्यांत ११ टक्के आणि त्यानंतर २१ टक्के अधिक कमी झाला. हिरड्यांचा दाह अनुक्रमे ६ व ११ टक्के अधिक कमी झाला. या फरकाचे दीर्घकालीन महत्त्व किती, हे मात्र तेथे अनिर्णित ठेवलेले आहे. लाभ खरा आहे, पण मर्यादित आहे. साधा मऊ ब्रश नीट वापरणाऱ्याने स्वतःस वंचित समजण्याचे कारण नाही.

येथे पुन्हा क्रियापदाचा प्रश्न उपस्थित होतो. ‘दात घासणे’ या शब्दांत वाढलेला हात विजेचा ब्रशही घासतो. यंत्राची आंदोलने आणि हाताची रगड एकावर एक पडतात आणि यंत्राचे काम बिघडते. निर्मात्यांना हे जाणवले असावे. कारण पुढील ब्रशांत दाबमापक आला. ठराविक मर्यादेपलीकडे दाब पडला की स्पंदने थांबतात किंवा सूचनेचा दिवा लागतो. त्याबरोबर दोन मिनिटांचे कालमापक आले आणि तोंडाचे चार भाग कल्पून दर तीस सेकंदांनी जागा बदलण्याची खूण आली. बारकाईने पाहिल्यास हे भाग स्वच्छता करीत नाहीत. ते हातास आवरतात. भाषेने जी सवय लावली, ती मोडण्यासाठी यंत्रास वेगळा अवयव धारण करावा लागला.

सुश्रुताच्या तीन अटींशी हे ताडून पाहावे. लहान गोल डोके एकेक दात घेते. नायलॉनचे मऊ तंतू मृदुत्वाची अट पाळतात. दाबमापक हिरड्यांस इजा होऊ देत नाही. प्राचीन वैद्याने या अटी शब्दांत घातल्या होत्या आणि त्या पाळणे वापरणाऱ्याच्या विवेकावर सोपविले होते. आधुनिक रचनाकाराने त्या वस्तूतच बसविल्या. मधल्या काळात ‘घासणे’ तेवढे उरले आणि अटी विसरल्या गेल्या.

विजेचा ब्रश प्रत्येक घरात येईलच असे नाही. त्याची आणि त्याच्या बदली डोक्याची किंमत लक्षात घेता रामवाडीच्या आसपासच्या अनेक घरांत तो दीर्घकाळ येणारही नाही. परंतु त्याच्या रचनेतून मिळणारा धडा फुकट मिळण्यासारखा आहे. दातांवरून ब्रश ‘फिरवावा’, हिरडीच्या कडेशी तो ‘टेकवावा’, अशी क्रियापदे मराठीत आहेतच. ‘ब्रश करणे’ या रिकाम्या प्रयोगात हा नवा अर्थ भरण्यासही वाव आहे. शाळेतील आरोग्याच्या पाठात, अंगणवाडीत, दवाखान्याच्या फलकावर ‘दात घासा’ असे लिहिताना आणि मशेरी ‘लावण्या’विषयी बोलताना, ही क्रियापदे हाताला काय शिकवितात याचा विचार आरोग्यशिक्षकाइतकाच भाषाभ्यासकानेही करावयास हवा.