कागदानं राखलेलं पोलाद
जपानी तलवारी जपणाऱ्या एका संस्थेची वाटचाल, ठाणे-डोंबिवलीच्या नजरेतून

ऑगस्ट 1945 मध्ये जपान शरण आला आणि सप्टेंबरपासून दोस्त राष्ट्रांच्या फौजांनी तो देश निःशस्त्र करायला घेतला. शस्त्रं जमा करा, असा हुकूम निघाला. त्यात बंदुका होत्या, संगिनी होत्या, लष्करी अधिकाऱ्यांच्या तलवारी होत्या आणि सातशे वर्षांपूर्वी घडवलेली, एकेका घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली पातीही होती. तेराव्या शतकातलं पातं आणि 1943 साली कारखान्यात काढलेलं पातं एकाच ढिगात पडलं. काही समुद्रात बुडवली गेली, काही वितळवली गेली, काही सैनिकांच्या सामानातून अमेरिकेला गेली. तोकुगावा घराण्याची ‘होन्जो मासामुने’ ही तलवार 1939 साली राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली होती. डिसेंबर 1945 मध्ये घराण्यानं ती टोक्योतल्या मेजिरो पोलीस ठाण्यात कायद्याप्रमाणे जमा केली. पुढच्या महिन्यात ती तिथून नेली गेली आणि आजतागायत तिचा पत्ता नाही.

या पडझडीत दोन माणसं उभी राहिली. तलवारींचे जाणकार होन्मा जुन्जी आणि अमेरिकेच्या आठव्या सैन्याचे अधिकारी कर्नल कॅडवेल. होन्मांनी कॅडवेलना तलवारी दाखवल्या. पात्यावरची धारेची रेषा, पोलादाचा पोत, घडवणाऱ्याची सही दाखवली आणि यातलं शस्त्र कोणतं, कलावस्तू कोणती हे वेगळं करता येतं, हे पटवून दिलं. 1946 मध्ये कलामूल्य असलेल्या खासगी तलवारी तपासणीनंतर मालकाकडे ठेवायला परवानगी मिळाली. टोक्योतल्या आकाबाने इथल्या अमेरिकी डेपोत जमा झालेल्या ढिगातूनही सुमारे साडेपाच हजार पाती निवडून राष्ट्रीय संग्रहालयाकडे देण्यात आली. ती तिथे जवळजवळ अर्धशतक पडून राहिली. 1995 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, मूळ मालकांचा शोध घेतला गेला आणि उरलेल्यांपैकी तीन हजारांहून अधिक पाती 1999 मध्ये देशभरच्या सार्वजनिक संग्रहालयांना वाटली गेली. साठवलेला माल चोपन्न वर्षांनंतरही मोजून, नोंदून, योग्य जागी पोचवणारी ही चिकाटी मला फार मोठी वाटते.

तपासणीचं हे काम कायम चालू ठेवायचं तर संस्था हवी, म्हणून 24 फेब्रुवारी 1948 रोजी ‘निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई’ स्थापन झाली. जपानी कलातलवारींचं जतन करणारी संस्था. पहिले अध्यक्ष होसोकावा मोरितात्सु, एका जुन्या सरदार घराण्याचे वारस आणि थोर संग्राहक. होन्मांच्या जोडीला सातो कान्झान होते. त्या वेळी जपानात नवी तलवार घडवायला बंदी होती, खायची भ्रांत होती, आणि ही माणसं पात्यांची यादी करत होती.

1950 पासून जपानात प्रत्येक जुन्या पात्याला नोंदणीचं कार्ड मिळू लागलं. हे काम पोलिसांकडे नाही, प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे आहे, हेच मुळात विचार करण्यासारखं. कार्डावर पात्याचा प्रकार, लांबी, बाक, मुठीतल्या भागाला पाडलेली भोकं किती आणि सही असेल तर तिची अक्षरं एवढंच असतं. मालकाला परवाना लागत नाही. नोंदणी पात्याची होते आणि ते कार्ड पात्याबरोबर फिरतं. तलवार विकली, वारशानं आली, की नव्या मालकानं वीस दिवसांत कळवायचं. याच कायद्याची दुसरी बाजूही कडक आहे. महायुद्धात यंत्रावर काढलेल्या लष्करी पात्याला पारंपरिक घडण नसल्यामुळे जपानात नोंदणी मिळत नाही. नोंदणी नाही म्हणजे बाळगता येत नाही.

सरकारी कार्ड तलवार कोणती ते सांगतं. ती किती चांगली, खरी की खोटी, कोणत्या घराण्याच्या हातची, हे संस्थेचे परीक्षक सांगतात. होनामी घराणं मुघलांच्याही आधीपासून जपानात हेच काम करत आलं होतं. त्यांच्या जाणकारीच्या आधारे 1719 मध्ये शोगुन योशिमुनेसाठी नामांकित तलवारींची यादी तयार झाली. संस्थेनं ती परंपरा घराण्यातून काढून समितीकडे आणली. 1958 मध्ये ‘जूयो’ म्हणजे महत्त्वाची ही श्रेणी आली, 1971 मध्ये तिच्याही वरची. मग कागदाला किंमत आली आणि जिथे किंमत येते तिथे खोटेपणा येतो. जुन्या श्रेणींचे बनावट कागद बाजारात फिरू लागले. 1982 मध्ये संस्थेनं खालच्या श्रेणींची जुनी प्रमाणपत्रं बंद करून ‘होझोन’ आणि ‘तोकुबेत्सु होझोन’ अशी नवी पद्धत सुरू केली. आजही जाणता ग्राहक जुन्या श्रेणीचा कागद पाहिला की पातं पुन्हा तपासायला पाठवतो. संस्थेच्या इतिहासातला हा डाग आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. डाग पडल्यावर तिनं जुन्या कागदांची भलामण केली नाही, पद्धतच बदलली, हे मी तिच्या बाजूनं धरतो.

संस्थेचं मला सर्वांत आवडलेलं काम मात्र कागदाचं नाही, मातीचं आहे. 1950 च्या दशकात लोहारांना पुन्हा तलवारी घडवण्याची मुभा मिळाली, पण पोलाद कुठून आणणार? पारंपरिक पातं ‘तामाहागाने’ या पोलादाचंच लागतं आणि ते काढणाऱ्या ‘तातारा’ भट्ट्या युद्धाबरोबर विझल्या होत्या. शिमाने प्रांतात ओकुइझुमोच्या डोंगराळ भागात युद्धकाळातल्या एका भट्टीचे अवशेष शिल्लक होते. तिथे काम केलेले आबे योशिझो हयात होते. त्यांचं ज्ञान त्यांच्याबरोबर जाण्याआधी संस्थेनं 1977 मध्ये ती भट्टी पुन्हा पेटवली. दर हिवाळ्यात मातीची नवी भट्टी बांधायची. तीन दिवस, तीन रात्री, साधारण अर्ध्या तासानं एकदा लोहवाळू आणि कोळसा आत घालायचा. एका खेपेला सुमारे दहा टन वाळू आणि बारा टन कोळसा जातो. मुख्य कारागीर ज्वाळेच्या रंगावरून आणि आतल्या आवाजावरून ठरवतो, कधी काय घालायचं. चौथ्या दिवशी पहाटे भट्टी फोडतात. आत सुमारे अडीच टनांचा लालबुंद गोळा असतो आणि त्यातलं एक टनही पोलाद तलवारीच्या लायकीचं निघत नाही. तेवढं मोजून देशातल्या परवानाधारक लोहारांना वाटलं जातं. लोहार व्हायला पाच वर्षांची उमेदवारी आणि सरकारी परीक्षा, आणि झाल्यावरही महिन्याला दोनच लांब तलवारी.

1968 मध्ये टोक्योच्या योयोगी भागात संस्थेनं स्वतःचं संग्रहालय उघडलं. जानेवारी 2018 मध्ये ते र्‍योगोकूला, सुमो कुस्त्यांच्या आखाड्याजवळ, नव्या इमारतीत गेलं.

आता इकडे येऊ. भारतात जपानी तलवारी पाहायच्या तर हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटांनी जमवलेल्या चिनी-जपानी कलावस्तू आहेत. तिसरा मार्ग रक्ताचा. मार्च 1944 मध्ये मणिपुरात सांगशाकला मराठा पलटणीची चौथी बटालियन जपान्यांशी झुंजली. त्यात आपल्या कोकणातले आणि घाटावरचे शिपाई होते. युद्ध संपल्यावर शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी पलटणींच्या मेसमध्ये लागल्या. त्यातल्या पुष्कळ यंत्रावरच्या, म्हणजे जपानात परत गेल्या तर नोंदणीच मिळणार नाही अशा.

डोंबिवली-ठाण्यात हा छंद असलेली मोजकी मंडळी बहुधा पात्यापासून सुरुवात करत नाहीत. ती सुबापासून करतात. सुबा म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधली चकती, हाताच्या पंजात मावणारी, सहा ते आठ सेंटिमीटरची. माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाकडची लोखंडी सुबा मी हातात घेतली आहे. कडेला लोखंड किंचित फुगीर, रंग जांभळट तपकिरी, मध्ये पात्यासाठी त्रिकोणाकडे झुकणारं भोक आणि त्याच्या वर-खाली तांब्याचे छोटे तुकडे ठोकलेले. एका पात्यावरून काढून दुसऱ्यावर बसवताना भोक घट्ट करायला ते ठोकतात. म्हणजे ही चकती एकाहून जास्त तलवारींवर बसली आहे. मूठ, म्यान, सुबा यांचा साज फॅशनप्रमाणे बदलत जाई, पातं तेच राही. आपल्याकडेही मराठ्यांच्या मुठीत युरोपातून आलेली फिरंगी पाती असायचीच. साजाच्या कामात गोतो घराण्याच्या सतरा पिढ्या गेल्या. तांब्यात थोडं सोनं मिसळून, रसायनात उकळून आणलेला काळा चमकदार ‘शाकुदो’ त्यांचा आवडता धातू. 1876 मध्ये तलवार कमरेला लावायला बंदी आली तेव्हा हे कारागीर बेकार झाले आणि ढिगांनी सुबा युरोपात गेल्या. म्हणून आजही त्या बाजारात मिळतात.

त्या संग्राहकाचं पार्सल सीमाशुल्कात अडकलं होतं. बिलावर ‘तलवारीचा भाग’ असं लिहिलेलं. शस्त्र अधिनियम 1959 मधल्या ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्राचे भागही येतात, त्यामुळे तपासणाऱ्या अधिकाऱ्याची शंका गैर म्हणता येत नाही. दुसरीकडे शुल्काच्या तक्त्यात तलवारी आणि त्यांचे भाग 9307 या शीर्षकाखाली, तर शंभर वर्षांहून जुन्या वस्तू 9706 खाली. शंभर वर्षं कशानं सिद्ध करणार? संस्थेच्या कागदानं. सुबांनाही ती कागद देते, त्यावर छायाचित्र आणि काळ असतो. तो जोडला, भाषांतर दिलं, खुलाशाचं पत्र दिलं, एजंटाच्या चार खेपा झाल्या, वखारभाडं चढलं आणि मग वस्तू सुटली.

पात्याचं प्रकरण याहून कितीतरी अवघड. शस्त्र नियम 2016 प्रमाणे नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार पाचव्या वर्गात मोडते आणि आयातीला कलम 10 खाली परवाना लागतो. तो हातात नसताना तलवार मागवणं म्हणजे ती गमावणं. तिकडून निघतानाही जपानच्या सांस्कृतिक खात्याचं निर्यात प्रमाणपत्र लागतं, ते मिळायला काही आठवडे जातात, आणि निघताना नोंदणीचं कार्ड शिक्षण मंडळाला परत करावं लागतं. म्हणजे तलवार इथे पोचते तेव्हा तिच्याजवळ नोंदणीचं कार्ड उरत नाही, ओळख पटवायला संस्थेचाच कागद उरतो. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे ठाण्यापासून बदलापुरापर्यंत, तलवार हा शब्द पेपरात बहुतेक वेळा जप्तीच्या बातमीत येतो. अशा ठिकाणी खऱ्या संग्राहकानं फाईल आधी आणि तलवार मागून, हा क्रम सोडू नये.

इथली हवा हाही प्रश्न आहे. खाडीचा दमटपणा आणि चार महिने पाऊस. जपानी पद्धतीत पात्याला बोट लावत नाहीत, वर लवंगेच्या वासाचं पातळ तेल देतात, आणि मुठीतल्या भागाचा गंज मुळीच काढत नाहीत. त्या काळपट गंजाच्या छटेवरून वय ओळखतात, कानशीच्या रेघांवरून घडवणारा. आपल्याकडे खंडेनवमीला देवघरातली तलवार पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करतात. भक्तीनंच करतात, पण त्या घासण्यात पात्याचा पोत जातो, मुठीवरची सोन्याची तार निघते, अक्षरं पुसट होतात. हे पाहिलं की जीव तुटतो.

अक्षरं राहिली तर काय होतं, हे 2025 मध्ये दिसलं. नागपूरकर पहिले रघुजी भोसले यांची फिरंग 29 एप्रिलला लंडनच्या लिलावात निघाली. पात्यावर देवनागरीत सोन्यानं कोरलेलं, ‘श्रीमंत रघोजी भोसले सेना साहिब सुभा फिरंग’. महाराष्ट्र सरकारनं ती मध्यस्थामार्फत घेतली. वाहतूक, विमा धरून 47 लाख 15 हजार रुपये लागले आणि 18 ऑगस्टला ती मुंबईत आली. सार्वजनिक संग्रहालयासाठी येणाऱ्या पुरातन वस्तूंना सीमाशुल्कात सूट आहे, ती खासगी घराला नाही.

ठाणे जिल्ह्यात आजही जुन्या वाड्यांमधून, देवघरांतून तलवारी आहेत. त्यांची यादी कोणी केलेली नाही म्हणून त्या भंगारात, लग्नाच्या साजात, नाहीतर जप्तीच्या मालात जातात. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयानं 1893 पासून आणि कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयानं 1864 पासून पुस्तकं जपली. त्यांच्यासारख्या एखाद्या संस्थेनं लांबी, बाक, मूठ, अक्षरं, घराणं एवढ्या पाच रकान्यांची वही ठेवली तरी होन्मांच्या वाटेवरचं पहिलं पाऊल पडेल.

जपानी पातं आणणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्यावी. पुरावशेष आणि कलानिधी कायदा 1972 मध्ये शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू ‘पुरावशेष’ ठरते, ती कोणत्या देशात घडली याची त्या व्याख्येत अट नाही, आणि असा पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. जपानमध्ये परदेशातून तपासणीला आलेल्या पात्याला रीतसर आत घेतात, पण इथून ते पाठवणारच कसं? एकदा डोंबिवलीत पोचलेली तलवार परीक्षकांपुढे पुन्हा नेता येणार नाही, असंच धरून चालावं. ‘होझोन’चा कागद नसलेलं पातं कितीही देखणं, कितीही स्वस्त असलं तरी ते तपासून घ्यायचं ते तिकडेच, पैसे देण्याआधी.