तारेवरचे नाव चुकते तेव्हा

८ फेब्रुवारी २०२३. दक्षिण पश्चिम रेल्वेच्या मैसूर विभागातील होसदुर्ग रोड स्थानक. संपर्क क्रांती एक्स्प्रेसला पुढे जाण्याचा सिग्नल मिळाला होता. स्टेशनमास्तरांच्या पॅनेलवर मार्ग बिनचूक दिसत होता. प्रत्यक्षात रुळांचा सांधा मात्र चुकीच्या मार्गाकडे वळलेला होता. लोको पायलटच्या हे वेळीच ध्यानात आले, त्याने गाडी थांबवली आणि अनर्थ टळला. सिग्नल यंत्रणेत गंभीर दोष असल्याचा इशारा त्याच महिन्यात त्या रेल्वेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी दिला.

चार महिने पूर्ण होण्याआधीच, २ जून २०२३ च्या संध्याकाळी, ओडिशातील बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्स्प्रेस मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल घेऊन लूप मार्गावर शिरली आणि तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. घसरलेल्या डब्यांवर बंगळुरू-हावडा एक्स्प्रेसचे शेवटचे डबे धडकले. २९० हून अधिक माणसे प्राणास मुकली.

या घटनांचा अर्थ समजून घ्यायचा, तर एका अत्यंत साध्या वस्तूकडे पाहावे लागते. ती वस्तू म्हणजे टर्मिनल पट्टी. पेटीत ओळीने बसवलेले क्रमांकित जोड. एका बाजूने बाहेरची केबल येते, दुसऱ्या बाजूने आतल्या रिलेकडे तार जाते. प्रत्येक तारेच्या टोकाला क्रमांकाची छोटी नळी, म्हणजे फेरूल, असते. रुळांलगतच्या लोकेशन बॉक्समध्ये अशाच पट्ट्या असतात. सांधा कोणत्या बाजूस आहे, हे सिग्नल यंत्रणा स्वतःच्या डोळ्यांनी पाहत नाही. तिला ते एका तारेवरून कळते. त्या तारेचे नाव चुकले, की यंत्रणा प्रामाणिकपणे खोटे बोलू लागते.

पूर्वी असे नव्हते. १८५६ मध्ये इंग्लंडच्या जॉन सॅक्स्बीने सांधे आणि सिग्नल यांना परस्परांशी बांधणाऱ्या यांत्रिक व्यवस्थेचे पेटंट घेतले. तिच्यात परस्परविरोधी दांडे एकाच वेळी ओढताच येत नसत. नियम लोखंडात घडवलेला होता. पुढे रिले आले, त्यानंतर संगणक आले, आणि तोच नियम तारांच्या जोडणीत जाऊन बसला. लोखंडी अडसर हाताला जाणवतो. शेकडो सारख्या दिसणाऱ्या तारांपैकी एक चुकीच्या जागी असेल, तर ते कागदावाचून कळत नाही.

या बदलाची किंमत लंडनने १२ डिसेंबर १९८८ रोजी मोजली. क्लॅफम जंक्शनजवळ सिग्नलच्या नूतनीकरणात नवी तार बसवली गेली. जुनी तार एका टोकाला सोडवली, परंतु कापली नाही आणि तिचे उघडे टोक झाकलेही नाही. दोन आठवड्यांनी शेजारी दुसरे काम चालू असताना ती हलली आणि जुन्या जागी टेकली. लाल व्हायला हवा तो सिग्नल लाल झाला नाही. गाड्यांच्या टकरीत ३५ जण मरण पावले. सर अँथनी हिडन यांच्या चौकशीत दिसले, की काम झाल्यावर प्रत्येक जोडावरील तारा मोजून त्या आराखड्याशी ताडून पाहण्याची स्वतंत्र तपासणी झालीच नव्हती.

त्यानंतर आराखडे हाताने काढण्याचे दिवस सरले. आज विद्युत आरेखनाची सॉफ्टवेअरे प्रत्येक जोडाची नोंद ठेवतात: पट्टीचे नाव, जोडाचा क्रमांक, तार कोठून आली, कोठे गेली. त्यांतील दोषही ठरावीक असतात. एकच क्रमांक दोन जोडांना दिला जातो. एकाच पट्टीचे नाव दोन चित्रांत किंचित वेगळे लिहिल्याने संगणक तिला दोन पट्ट्या समजतो. एखादा जंपर चित्रात असतो, यादीत नसतो. अनुभवी अभियंता अशा वेळी चित्र न्याहाळत बसत नाही. तो जोडणीची यादी काढतो, एकेक तार दोन्ही टोकांनी तपासतो आणि मग मूळ नोंद दुरुस्त करतो.

तरीही सॉफ्टवेअरला एक मर्यादा आहेच. २००६ मध्ये एअरबस ए-३८० विमानाचे वेळापत्रक कोलमडले, त्यामागे हॅम्बुर्ग आणि तुलूझ येथील अभियंते एकाच सॉफ्टवेअरच्या दोन भिन्न आवृत्त्या वापरत होते, हे एक मोठे कारण होते. संगणकातले वायरिंग निर्दोष दिसत होते. विमानात काही तारा आखूड पडल्या. आराखडा स्वतःशी सुसंगत आहे, एवढेच संगणक सांगू शकतो. तो वस्तुस्थितीशी सुसंगत आहे की नाही, हे पेटी उघडल्यावरच कळते.

बहानगा बाजारच्या चौकशीत रेल्वे सुरक्षा आयुक्तांना नेमके हेच आढळले. रेल्वे फाटकाच्या लोकेशन बॉक्समधील तारांवरची नावे चुकीची होती आणि ती अनेक वर्षे कोणाच्या ध्यानात आली नव्हती. अपघाताच्या दिवशी ९४ क्रमांकाच्या फाटकावर विजेवर चालणारा अडसर बदलण्याचे काम चालू होते. जुन्या आणि नव्या चुका तेथे एकत्र आल्या. सांधा लूपकडे वळलेला असताना तो मुख्य मार्गाकडे असल्याची खूण यंत्रणेला मिळाली. मे २०२२ मध्ये खरगपूर विभागातील बाँकरा नयाबाज स्थानकावर चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. त्यानंतर दोष दूर केले असते, तर हा अपघात टळला असता, असेही अहवालात नमूद आहे.

अपघातानंतर सिग्नलच्या खोल्यांना दुहेरी कुलपे लावण्याचे आदेश निघाले. ते आवश्यकच होते. मात्र कुलूप अनधिकृत हाताला अडवते. अधिकृत हाताने वर्षांपूर्वी लावलेल्या चुकीच्या फेरूलला ते अडवत नाही. त्याला उपाय जुनाच आहे: बदल झाला त्याच दिवशी आराखडा सुधारावा, पेटीतील प्रत्येक तार त्याच्याशी ताडावी, आणि ही तपासणी ज्याने काम केले त्याने नव्हे, दुसऱ्याने करावी. या कामाचा गाजावाजा होत नाही, त्याचे उद्घाटनही होत नाही. हिरव्या सिग्नलवर विसंबून झोपी जाणारे लाखो प्रवासी मात्र रोज त्याच्याच भरवशावर असतात.

#विज्ञानाचा_इतिहास #रेल्वे_सुरक्षा