पळसाचा रंग सुतावर टिकतो कसा?

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हे तालुक्याचे गाव खादीच्या इतिहासात परिचित आहे. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले होते व महात्मा गांधी त्यास उपस्थित होते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत सुती खादीप्रमाणेच टसर रेशमाचीही परंपरा आहे. ऐन व अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या अळ्यांच्या कोशांपासून हे रेशीम मिळते. त्यालाच कोसा म्हणतात. पळस, हिरडा, बेहडा, खैर या रंग देणाऱ्या वनस्पतीही याच जंगलात आढळतात. वनस्पतीजन्य रंगाई शिकू इच्छिणाऱ्यास याहून सोयीचा प्रदेश क्वचितच मिळेल.

फाल्गुनात पळस फुलतो. त्याची फुले पाण्यात उकळली की गडद केशरी अर्क तयार होतो. त्यात पांढरे सुती कापड बुडविल्यास ते लगेच रंगलेले दिसते. मात्र एक-दोन धुण्यांतच हा रंग उतरतो. याचे कारण असे, की वनस्पतींतील बहुतेक रंगद्रव्यांना कापसाच्या तंतूबद्दल फारशी ओढ नसते. म्हणून दोघांना जोडणारा दुवा लागतो. त्यास रंगबंधक म्हणतात. तुरटी आणि हिराकस हे नेहमीच्या वापरातील रंगबंधक होत. त्यांतील धातू एका बाजूस तंतूला, तर दुसऱ्या बाजूस रंगद्रव्याला धरून ठेवतो. निळीची रीत मात्र वेगळी असून तिला रंगबंधक लागत नाही.

रेशीम हे प्रथिन असल्याने तुरटी सहज स्वीकारते. सुताचे तसे नाही. त्यास आधी हिरड्यातील टॅनिनचा आधार द्यावा लागतो. प्रथम कापड साबण व धुण्याच्या सोड्यात उकळून त्यातील खळ आणि मेण काढतात. नंतर कोरड्या कापडाच्या वजनाच्या सुमारे २० टक्के हिरड्याची पूड पाण्यात मिसळून त्यात ते भिजवितात व न धुता वाळवितात. पुढे १५ ते २० टक्के तुरटीच्या द्रावणात बुडवितात आणि त्यानंतरच रंगाच्या हंड्यात सोडतात. हंडा मंद आचेवर ठेवून कापड सतत हलवीत राहावे लागते, नाहीतर डाग पडतात. रंगविलेले कापड सावलीत वाळविणे श्रेयस्कर.

बंधक बदलला की छटा बदलते. पळस तुरटीबरोबर पिवळा-केशरी, तर हिराकसाबरोबर काळपट हिरवा होतो. हिरडा व हिराकस एकत्र आल्यास करडा ते काळा रंग मिळतो. लाखेपासून रेशमावर सुंदर किरमिजी रंग चढतो, तर खैराचा कात तपकिरी छटा देतो. हिराकस जास्त झाल्यास कापड कालांतराने विरते, हेही ध्यानात ठेवावे लागते. पाणी जड असल्यास छटा बिघडते. म्हणून प्रत्येक वेळी वजन, पाणी, वेळ आणि बंधक यांची नोंद करून कापडाचा तुकडा वहीत चिकटविण्याची सवय नवशिक्याने लावून घ्यावी.

ही विद्या एकेकाळी रंगाऱ्यांच्या घराघरांत होती. १८५६ मध्ये पर्किनने पहिला यशस्वी कृत्रिम रंग शोधला, १८६८ मध्ये मंजिष्ठेतील अलिझारिन प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. स्वस्त व एकसारख्या रंगांपुढे आल, मंजिष्ठा यांसारख्या रंगपिकांची मागणी ओसरली आणि रंगाऱ्यांची हातोटीही मागे पडली. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाने ती पुन्हा हाती घेऊन वनस्पतीजन्य रंगांच्या खादीस ग्राहक मिळवून दिला.

तथापि ‘नैसर्गिक’ म्हणजे सर्वस्वी निर्धोक, असे समजणे चूक ठरेल. मोरचूद व बायक्रोमेट हे बंधक विषारी असून त्यांचे पाणी नाल्यात सोडणे घातक आहे. तुरटी व अल्प हिराकसावर भागते. झाडाची साल सभोवती सोलल्यास झाड मरते; गळून पडलेली फुले व फळे वेचणेच योग्य. शिवाय पळसाचा पिवळा रंग उत्तम बंधकानेही उन्हात फिकटतो. रंगविलेल्या पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ती काही दिवस उन्हात ठेवली की कोणता रंग टिकाऊ, हे स्पष्ट दिसते. विक्रीपूर्वी ही परीक्षा घेऊन तिचा निकाल ग्राहकास सांगणे, हाही या शिक्षणाचाच भाग होय.