पांढऱ्या पेशींना नावं कशी मिळाली?

'डॉक्टर, पांढऱ्या पेशी १२,००० झाल्यात, घरात उरलेलं अँटिबायोटिक घेऊ का?' हा प्रश्न मला वारंवार येतो. त्याचं उत्तर एका एकूण आकड्यात सापडत नाही. त्याखालच्या पाच ओळीही पाहाव्या लागतात. त्या ओळींचा इतिहास मोठा रंजक आहे.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कापडासाठी नवे कृत्रिम रंग निघाले. पॉल एर्लिक या तरुण डॉक्टरने १८७९ च्या सुमारास ते रंग काचपट्टीवर वाळवलेल्या रक्तावर वापरले. काही पेशींतल्या कणांनी इओसिन हा आम्लधर्मी रंग घेतला, त्या इओसिनोफिल. अल्कधर्मी रंग घेणाऱ्या बेसोफिल आणि उदासीन रंग घेणाऱ्या न्यूट्रोफिल. तुमच्या रिपोर्टवर आजही हीच नावं आहेत. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट धरून पाच.

पण या पेशी करतात काय? १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती पेशींनी वेढा घातलेला दिसला. जंतूंनाही त्या अशाच घेरून गिळत असणार, हे त्यांनी ओळखलं. १९०८ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं.

पूर्वी ही मोजणी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहून होई. १९५३ मध्ये वॉलेस कूल्टर यांना पेशी मोजण्याच्या नव्या पद्धतीचं पेटंट मिळालं. बारीक छिद्रातून पेशी गेली की विजेच्या प्रवाहात क्षणिक बदल होतो आणि यंत्र ती मोजतं.

आता तुमचा रिपोर्ट घ्या. मोठ्या माणसांत साधारण ४,००० ते ११,००० पेशी असतात. न्यूट्रोफिल वाढले तर जिवाणूसंसर्ग असू शकतो; पण स्टिरॉइड, धूम्रपान, गरोदरपण यांनीही ते वाढतात. इओसिनोफिल ॲलर्जीत किंवा जंतांमुळे वाढतात. डेंग्यूत तर एकूण पेशी बऱ्याचदा कमी होतात. म्हणून नुसत्या १२,००० वर अँटिबायोटिक घेऊ नका.

कमी आकडा मात्र कधी जास्त धोक्याचा असतो. एकूण पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, म्हणजे लढणारे फक्त ४००. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला ताप आला, तर रिपोर्टचीही वाट पाहू नका. सकाळपर्यंत थांबू नका, त्याच रात्री रुग्णालय गाठा.