ग्लासगोचे ऋण

क्लाइड नदीकाठचे ग्लासगो आम्हांला ठाऊक असते ते जहाजे, बॉयलर आणि धुराचे शहर म्हणून. वैद्यकही या शहराचे ऋणी आहे.

१८६५ च्या ऑगस्टमध्ये ११ वर्षांच्या जेम्स ग्रीनलीसच्या पायावरून गाडीचे चाक गेले. हाड मोडून वर जखम झाली, की ती बहुधा चिघळे आणि पाय कापावा लागे. रॉयल इन्फर्मरीत जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे हे द्रव्य कार्लाइल गावी सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यास वापरीत. सहा आठवड्यांत हाड सांधले.

१९५५ साली प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी जवळच्या रेनफ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यात नेल्या आणि धातूतील तडे शोधणाऱ्या ध्वनियंत्राने तपासल्या. १९५८ मध्ये त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या सोनोग्राफीचा पाया तो हाच.

आपल्याकडे गर्भजल तपासून मुलींचे गर्भ खुडले जात, म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. पुढे त्याच कामी सोनोग्राफीही जुंपली गेली. आईच्या उदरातील जीव जपण्यासाठी लाभलेल्या या साधनाचा हिशेब आम्हांलाच द्यावा लागेल.