वाटाण्याएवढ्या मलमाची कुळकथा

लेप किती जाड लावायचा? सुश्रुतसंहिता सांगते, म्हशीच्या ओल्या कातड्याएवढा. पुढचे नियमही तितकेच नेमके आहेत: केसांच्या उलट दिशेने लावा, वाळेपर्यंत ठेवू नका आणि रात्री अजिबात लावू नका, कारण गारव्याने आतली उष्णता कोंडते. ऐन तारुण्यात चेहऱ्यावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्यांना याच ग्रंथात मुखदूषिका म्हटलं आहे आणि त्यांवर वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप सांगितला आहे.

ग्रंथ कोणी वाचो न वाचो, हे वळण आपल्या बोटांत मुरलेलं आहे. कुर्ल्याच्या चाळीत असो की टॉवरमध्ये, हळद-चंदन किंवा मुलतानी माती अजूनही तशीच लागते: दिवसाउजेडी, जाड थर, नेमका पुळीवर, आणि थोड्या वेळाने धुऊन टाकायचा.

या लेपाला ट्यूबमध्ये बसवलं ते कुर्ल्यापासून चार स्टेशनांवरच्या परळच्या एका मराठी घराने. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये विको सुरू केली आणि १९७५ मध्ये हळदीचं क्रीम बाजारात आलं. चेहरा पिवळा न करणारी हळद, हीच त्यातली खरी करामत. हे औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषधाच्या बाजूने सुटला. क्रीम बोटावर घेऊन चेहऱ्यावर चोळायचं, ही सवय मात्र तोवर घराघरांत रुजली होती.

आज केमिस्टकडे मिळणाऱ्या मुरमांच्या ट्यूबचं कूळ वेगळंच आहे. बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुळात विरंजक. पाश्चात्त्य गिरण्यांत ते पीठ पांढरं करायला वापरत. तोच गुण तुमच्या उशीच्या अभ्र्यावर आणि टॉवेलवर पांढरे डाग पाडतो. मुरमांतले जंतू ते ऑक्सिजनने मारतं, म्हणून अँटिबायोटिकसारखी त्याची सवय जंतूंना लागत नाही. दुसरं ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं आम्ल. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मुरमांवर त्याचा गुण दाखवून दिला. याच क्लिगमननी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर १९५१ पासून १९७४ पर्यंत प्रयोग चालवले होते. हे कूळ काही सोवळं नाही.

लावण्याचे नियम या रसायनांच्या स्वभावातून आले. ट्रेटिनॉइन उजेडात बिघडतं आणि कातडी उन्हाला हळवी करतं, म्हणून ते रात्री लावायचं आणि सकाळी सनस्क्रीन. ओल्या चेहऱ्यावर ते जास्त झोंबतं. म्हणून तोंड धुऊन, टिपून, वीस-तीस मिनिटं थांबायचं. पेरॉक्साइड जुन्या घडणीच्या ट्रेटिनॉइनला निकामी करतं, म्हणून एक सकाळी, दुसरं रात्री. नंतर आलेल्या अडॅपलीनला उजेडाचं आणि पेरॉक्साइडचं वावडं नाही. आणि वाटाणा? पुळी दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी छिद्र आतून बुजायला लागलेलं असतं. औषधाला ते गाठायचं असतं, म्हणून एका पुळीवर ठिपका देऊन भागत नाही. वाटाण्याएवढं मलम सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरायचं, डोळे, ओठ आणि नाकाचे कोपरे सोडून. सुरुवातीला एक रात्र आड. गुण दिसायला दोन-तीन महिने. गरोदरपणात ट्रेटिनॉइन आणि अडॅपलीन दोन्ही टाळायची.

घोळ होतो तो इथेच. औषध नवं, बोटं लेपाची. ट्यूबमधलं मलम पुळीवर जाड थापलं जातं, कातडी लाल होते, सालं निघतात, आठवड्यात ट्यूब कचऱ्यात जाते आणि ‘मला सूट झालं नाही’ असा शिक्का बसतो. मग कोणी तरी लगेच आराम देणारी क्रीम सुचवतं. ती बहुधा स्टेरॉइडची. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशभरातल्या बारा केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांतले १०४ चक्क मुरमांसाठी. त्यांना सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम कोणता, तर मुरमंच! २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली.

यादी कागदावर आहे; काउंटरवर काय घडतं ते आपण सगळे जाणतो. तेव्हा पैसे देण्याआधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी एकही नाव दिसलं आणि हातात डॉक्टरची चिठ्ठी नसली, तर ट्यूब तिथेच परत द्या.