दोन भाषा, एक करार

गोंदिया हे जंक्शन. हावडा-मुंबई लोहमार्ग ब्रॉडगेज, तर विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे टाकलेला मार्ग नॅरोगेज. रुळांमधील अंतर एकीकडे 1676 मिलिमीटर, दुसरीकडे 762. साहजिकच माणसांना व मालाला येथे गाडी बदलावी लागे. आता तो मार्गही ब्रॉडगेज झाला आहे. पण तशीच अडचण आरक्षणाच्या खिडकीमागे, संगणकातही उभी राहते.

रेल्वेचे संगणकीय आरक्षण 1985 मध्ये दिल्लीत सुरू झाले. पुढे रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली घडवली. एप्रिल 1999 मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही केंद्रे तिने जोडली गेली. त्याच वर्षी 1 मे रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. कॉन्सर्टच्या आज्ञावल्या सी आणि फोरट्रान या दोन भाषांत लिहिल्या गेल्या. फोरट्रान 1957 ची, सी 1970 च्या दशकाच्या आरंभीची.

दोन्हींचे रूपांतर शेवटी यंत्रभाषेतच होते. मग अडते कोठे? माहिती हाती देण्याच्या रीतीत. समजा, सीमधील आज्ञावलीला फोरट्रानमधील उप-आज्ञावलीला ‘प्रवासी 4’ असे कळवायचे आहे. सी प्रत्यक्ष 4 हा आकडा देते. फोरट्रानची अपेक्षा वेगळी: आकडा स्मृतीत कोठे ठेवला आहे, तो पत्ता तिला हवा. ती 4 हाच पत्ता समजते आणि भलत्याच घराचे दार ठोठावते! कोष्टकांचेही तसेच. फोरट्रान ती स्तंभांनुसार साठवते व 1 पासून मोजते. सी ओळींनुसार साठवते व 0 पासून मोजते.

आरक्षणाची यंत्रणा ज्या व्हॅक्स संगणकांवर सुरू झाली, ते डिजिटल इक्विपमेंट कंपनीने 1977 मध्ये आणले. त्यांच्यासाठी कंपनीने एक लेखी करारच ठरवला: आधी किती गोष्टी देत आहोत ती संख्या, मग त्या गोष्टी क्रमाने, उत्तर ठरावीक रजिस्टरमध्ये. प्रत्येक भाषेच्या कंपायलरने तो पाळायचा. ‘येथे पत्ता नको, मूल्यच दे’ असे सांगण्याची खूणही तेथील फोरट्रानमध्ये होती.

याचे महत्त्व मोठे आहे. वर्षानुवर्षे तावून सुलाखून निघालेली आज्ञावली पुन्हा लिहिली, तर नव्या चुका शिरतात. करार असला की जुनी तशीच ठेवून शेजारी नवी बसवता येते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. एका विद्यार्थ्याने चिठ्ठीवर 4 लिहून द्यावे. घेणाऱ्याने तो बाकाचा क्रमांक समजून चौथ्या बाकावर उत्तर शोधावे. घोटाळा झाला, की नियम काय हवा, हे मुलांनाच ठरवू द्यावे.